रकाना क्रमांक सात

माझ्या बायकोला एकच किडनी आहे. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण जिथे सांगायला हवं होतं तिथे मी ते सांगितलं नाही, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. दुसरी किडनी तिने अकरा वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाला दिली. मेहुण्याच्या पोटात ती सुखाने नांदतेय. तो रोज सकाळी तिला घेऊन पाच किलोमीटर चालतो आणि घरी आला की मला फोन करतो, "काय भाऊजी, आज किती चाललात?" बायकोही ठणठणीत आहे. ऑपरेशनच्या वेळी मोठ्या डॉक्टरांनी एवढंच बजावलं होतं की आता ही एक जपायची. दुखण्याची गोळी असो, इंजेक्शन असो, सलाईन असो, विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. मी समोरच बसलो होतो. मान डोलावली होती. त्या ऑपरेशनचे तेवीस फॉर्म मी स्वतःच्या हाताने भरले होते आणि त्यातला एकही दुरुस्तीसाठी परत आला नव्हता.

फॉर्म हा माझा प्रांत. चौतीस वर्षं मी छाननी विभागात काढली. छाननी म्हणजे काय, तर लोकांनी आणलेला अर्ज पुढे सरकवण्याआधी त्यात रिकामा रकाना राहिलाय का ते बघायचं. रिकामा रकाना फार वाईट. उद्या त्यात कोणीही काहीही लिहील आणि खाली सही मात्र तुमची. म्हणून जिथे लिहिण्यासारखं काही नसेल तिथे "लागू नाही" असं लिहायचंच, हा माझा दंडक. हे दोन शब्द मी इतक्या वेळा लिहिले की मनगट धरायला लागलं. शेवटी मी रीतसर मागणी करून त्यांचा रबरी शिक्का करून घेतला. मागणीपत्रात "जुन्या शिक्क्याचा क्रमांक" असा एक रकाना होता. त्यात मी हाताने "लागू नाही" लिहिलं. वरच्या साहेबांना ते उद्धटपणाचं वाटलं, आणि मंजुरीला चौदा महिने लागले. पण शिक्का आला. मग मी मागे वळून पाहिलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या मंडळींनी मला तोच शिक्का डबीत घालून भेट दिला. सगळे खूप हसले. मी हसलो नाही, कारण तो सरकारजमा व्हायला हवा होता आणि त्याची नोंद कोणी केली होती की नाही कोण जाणे. शिक्क्याबरोबर एक कूपनही होतं. इतकी वर्षं निरोपाला भिंतीवरचं घड्याळ द्यायची पद्धत होती. माझ्याच वेळी कोणाच्या तरी डोक्यात नवीन काहीतरी द्यायचा किडा वळवळला. कूपनवर लिहिलं होतं, "दोन व्यक्तींसाठी संपूर्ण नवचैतन्य". म्हणजे प्रत्येकी जीवनसत्त्वांचं एक सलाईन, थेट नसेतून, आणि प्रत्येकी एकदा ॲक्युपंक्चर. खाली बारीक अक्षरात: दोघांनी एकाच वेळी हजर राहणे आवश्यक.

बायको म्हणाली, "मला काय धाड भरलीय? तुमची मान दुखते, तुम्ही जा."

"एकट्याला चालत नाही. नियम आहे."

"मग राहू दे."

राहू कसं देणार? आलेली वस्तू वापरली नाही की माझा जीव कासावीस होतो. शिवाय निवृत्तीनंतर दोन महिने मी घरी बसून होतो. विजेच्या बिलात दोन चुका काढून झाल्या होत्या, सोसायटीची पाण्याची नोटीस शुद्धलेखन दुरुस्त करून सेक्रेटरींना परत पाठवून झाली होती, आणि त्यानंतर सेक्रेटरी जिन्यात दिसले की आपण होऊन वर निघून जायचे. मला काहीतरी काम हवं होतं.

कूपनची बातमी इमारतीत कशी पसरली ते मला माहीत नाही. मी फक्त सहा जणांना सांगितलं होतं. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक, आयुष्यभर भूगोल शिकवलेले, संध्याकाळी खास खाली उतरून आले. "उत्तम गोष्ट आहे," ते म्हणाले. "पोटातून घेतलं की निम्मं वाया जातं. नसेतून घेतलं की डायरेक्ट. मधले दलालच गेले!" प्राध्यापकांनी स्वतः कधी घेतलंय का, असं विचारल्यावर ते म्हणाले की त्यांना सुईची भीती वाटते, पण तत्त्व म्हणून त्यांचा पूर्ण पाठिंबा आहे. समोरच्या वहिनींच्या भाचीने असं सलाईन लग्नाआधी घेतलं होतं आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं होतं की बघतच राहावं. ते तेज सलाईनचं की लग्नाचं, हे वहिनींना सांगता येईना. त्यांच्या मामांनी म्हणे सुया टोचून घेतल्या आणि काठी फेकून दिली. मामा आता कुठे असतात विचारलं तर म्हणाल्या, "अंथरुणावर. पण ते वेगळ्या कारणाने."

फक्त खालच्या मजल्यावरच्या केमिस्टने वेगळा सूर लावला. "साहेब, जायचं तर जा. पण आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि दोघांच्या चालू गोळ्या, झालेली ऑपरेशनं, सगळं एका कागदावर लिहून न्या. सुई टोचायच्या आधी कोण टोचतंय, शिकलेलं आहे का, पाकीट नवीन आहे का, तेही बघा." मला ते पटलं नाही. गोळ्यांची पाकिटं विकणाऱ्या माणसाला नसेतून जाणाऱ्या औषधाचा राग येणारच, असं मी मनात म्हटलं. आता तो समोर आला की मीच वर निघून जातो.

तरी मी आमच्या डॉक्टरांना फोन केला. नाही असं नाही. फोन त्यांच्या मदतनीस बाईंनी घेतला. "गुरुवारी या," म्हणाल्या, "दोघांच्या फायली घेऊन." फायली तयारच होत्या, अनुक्रमणिकेसकट. पण कूपनची मुदत बुधवारी संपत होती. मी त्या केंद्रात जाऊन मुदतवाढ मागितली. तिथल्या मुलीने गोड हसून सांगितलं, "मुदतवाढीसाठी अर्ज करा काका, आठ दिवसांत कळवू." आठ दिवसांनी मुदत संपून सहा दिवस झाले असते. माझ्याच हत्याराने मला कोणीतरी भोसकल्यासारखं झालं. बुधवारीच जायचं ठरलं.

"डॉक्टरांना विचारायला हवं ना?" बायकोने निघताना विचारलं.

"जीवनसत्त्वं आहेत गं ती. फळांत असतात तीच. त्यात काय विचारायचं?"

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग चांगल्यातले सँडल काढले आणि म्हणाली, "चला."

केंद्र एका बँकेच्या वर होतं. काचेचं दार, पांढऱ्या भिंती, कोपऱ्यात माशांची टाकी आणि कुठूनतरी येणारा पाण्याच्या झुळझुळीचा आवाज. तो नळ गळत असावा असं वाटून मी दोनदा तक्रार केली. ते संगीत होतं. डॉक्टर आहेत का असं विचारलं तर ते आठवड्यातून दोन दिवस असतात, असं कळलं. बुधवार त्या दोनांत नव्हता. केमिस्टची आठवण झाली, ती मी झटकून टाकली, कारण तेवढ्यात त्या मुलीने माझ्या हातात दोन फॉर्म ठेवले होते.

काय सांगू! नऊ पानांचे, चौसष्ट रकान्यांचे फॉर्म. दोन महिन्यांनंतर हातात खरा कागद आला होता. मी चष्मा बदलला. चार क्रमांक दोनदा पडला होता, तो लाल पेनाने दुरुस्त केला. मग पिशवीतून शाईचं पॅड आणि शिक्का काढला. शिक्का बरोबर का नेला होता असं विचारू नका. सुताराला तुम्ही करवत का आणली असं विचारता का?

"माझा फॉर्म मला द्या, मी भरते," बायको म्हणाली.

"तू काय भरणार! खाडाखोड करशील."

लग्नापासून आमच्या घरातला प्रत्येक फॉर्म मीच भरतो. ती माशांच्या टाकीजवळ जाऊन बसली. मी कामाला लागलो. नाव, पत्ता, वय, हे सुवाच्य अक्षरात. पाचवा रकाना: तुम्ही गरोदर आहात का? वय अठ्ठावन्न, पुरुष. ठक! लागू नाही. सहावा: शरीरात पेसमेकर आहे का? ठक! आणि मग हात सुटला. चौतीस वर्षांची सवय. शिक्का पॅडवर, पॅडवरून कागदावर, कागदावरून पॅडवर. मधे डोळे नाहीतच, नुसता ताल. आसपासची माणसं बघायला लागली. एक आजोबा तर कौतुकाने मान हलवत होते. माझा फॉर्म संपला, बायकोचा घेतला, तोही तसाच. नऊ पानं, एकही रिकामा रकाना नाही, एकही शिक्का वाकडा नाही.

"काका, सगळं वाचलंत ना?" मुलीने विचारलं.

"बाळ," मी म्हणालो, "तुझा जन्म व्हायच्या आधीपासून हेच करतोय."

दोन्ही फॉर्मवर सह्या झाल्या. मग एका सिस्टरने बायकोला सलाईनसाठी आत नेलं आणि मला सुयांच्या खोलीत पाठवलं. सलाईनची सिस्टर पन्नाशीची, करड्या आवाजाची होती. बायको जाताना म्हणाली, "घाबरू नका." मी घाबरलो नव्हतो. मी फक्त विचारलं होतं की सुया किती लांब असतात.

सुयावाल्या बाई वयाने लहान पण कामात चोख होत्या. त्यांचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं, ते मी नोंदणी क्रमांकासकट वाचलं. सुयांचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, त्याची तारीख मला दाखवली, वापरलेल्या सुया टाकायचा पिवळा डबा दाखवला. त्यात काही खोट काढता येईना म्हणून मी गप्प झालो. मला सदरा काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पालथं झोपवलं. त्या पलंगाला तोंडासाठी एक भोक होतं. त्यातून मला जमीन आणि बाईंचे बूट एवढंच दिसत होतं. दुखेल दुखेल म्हणून मी दात आवळून पडलो होतो, पण मुंगी चावावी तेवढंच. मान, खांदे, पाठ, पोटऱ्या मिळून एकोणीस सुया. मी मोजल्या.

"आता वीस मिनिटं अजिबात हलायचं नाही," बाई म्हणाल्या आणि बूट दिसेनासे झाले.

छान वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मान सैल पडली होती. डुलकी लागणार तेवढ्यात बूट परत आले, थांबले आणि बराच वेळ हलले नाहीत.

"काका, दोन-तीन जागी रक्त येतंय. जरा जास्तच. आणि इथे काळंनिळं व्हायला लागलंय. तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेता का?"

"घेतो की. रोज सकाळी एक. हृदयाचे ठोके जरा मनाला येईल तसे पडतात म्हणून."

"मग फॉर्मवर का नाही लिहिलं? गोळी चालू असली तरी सुया लावता येतात, पण मी कमी लावल्या असत्या, वरवर लावल्या असत्या. इथे रकाना आठमध्ये तुम्ही 'लागू नाही' म्हटलंय."

"असं कसं होईल?" मी भोकातून म्हणालो. "मी कधी..."

आणि मी थांबलो. माणूस निवृत्त झाला तरी डोक्यातली छाननी चालूच असते. आठव्या रकान्याच्या वर सातवा असतो. सातवा रकाना मी वाचला नव्हता, पण डोळ्यांनी टिपला होता. चौतीस वर्षांत न वाचता टिपायची सवय लागते. "पूर्वीच्या शस्त्रक्रिया. शरीरातील एखादा अवयव काढलेला आहे काय?" आणि त्यावरचा शिक्का मला दिसायला लागला. माझ्या फॉर्मवर नाही. तिच्या.

"माझी बायको कुठल्या खोलीत आहे?"

"तीन नंबर. काका, हलू नका. काका! अहो, सुया!"

मी उठलो. एकोणीस सुया अंगात असताना माणसाने उठायचं नसतं, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. प्रत्येक पावलाला पोटरीत कोणीतरी चिमटा काढत होतं. पण त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की ती बाटली उंच टांगलीय, नळीतून थेंब थेंब पडतोय, आणि तो जातोय तिच्या एकुलत्या एका किडनीकडे, जिच्याबद्दल मी मान डोलावली होती. मला इतकी भीती अकरा वर्षांपूर्वी ऑपरेशन थिएटरच्या बाहेरही वाटली नव्हती. तेव्हा निदान हातात फॉर्म होते.

तीन नंबरला जायला बाहेरच्या खोलीतूनच वाट होती. उघड्या पाठीचा, दुमडलेल्या पँटचा, अंगावर सुया थरथरणारा आणि मागे रक्ताचे चार ओघळ असलेला मी तिथे अवतरलो. मघाशी मान हलवणारे आजोबा उभे राहिले. एक बाई आपल्या लेकीला म्हणाली, "चल गं, आपण पुन्हा कधीतरी येऊ." घाईत मी आधी दोन नंबरचं दार उघडलं. तिथे एक गृहस्थ हाताला नळी लावून घोरत पडले होते. त्यांनी डोळे उघडून मला पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की यांची मनःशांती आता दोन बाटल्यांनीही परत येणार नाही. त्यांची माफी मागून मी तीन नंबरमध्ये शिरलो.

बायको खुर्चीवर बसली होती. बाही वर केलेली होती. बाटली टांगलेली होती, पण नळी मोकळीच लोंबत होती. हातात सुई नव्हती. सिस्टर एका हाताने नळीची कळ बंद करत होत्या आणि त्यांच्या दुसऱ्या हातात तो फॉर्म होता.

"तिला देऊ नका!" मी ओरडलो. "तिला एकच आहे!"

"माहितीये," सिस्टर म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं मला."

"कधी?"

"मी विचारल्यावर. फॉर्म कितीही भरलेला असला तरी सुई लावायच्या आधी मी तोंडाने विचारते. माझी पद्धत आहे ती. आणि हा फॉर्म तर बघूनच म्हटलं, काहीतरी गडबड आहे. 'दिवसातून किती वेळा जेवता?' लागू नाही. 'झोप लागते का?' लागू नाही. 'नातेवाईकाचा फोन नंबर?' लागू नाही. म्हटलं, ही बाई आहे तरी कोण!" मग आवाज आणखी करडा करून म्हणाल्या, "या बाटलीत क जीवनसत्त्वाचा मोठा डोस आहे आणि मॅग्नेशियम आहे. जास्तीचं झालेलं बाहेर काढायचं काम किडनीचं. एकाच किडनीवर एवढा भार डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी टाकणार नाही. फळांत असतं म्हणून काय झालं? फळं कोणी नसेतून घेतं का?"

माझं वाक्य त्यांना कसं कळलं? मी बायकोकडे पाहिलं. तिने हात पुढे करून फॉर्म मागितला. सिस्टरांनी दिला. तिने पहिलं पान उलटलं, बोट खाली नेलं आणि वाचलं, तेही अगदी मी अर्जदारांना वाचून दाखवायचो तसं, सावकाश, एकेक शब्द सुटा.

"रकाना क्रमांक सात. शरीरातील एखादा अवयव काढलेला आहे काय. लागू नाही."



"तेव्हा तेवीस फॉर्म भरले होते तुम्ही," ती म्हणाली. "रात्री पडल्या पडल्या मला पाठ म्हणून दाखवायचात. आणि आज?"

"शिक्का मारला," मी म्हणालो.

तिने फॉर्म घडी घालून पर्समध्ये ठेवला. मला त्या वेळी मनापासून वाटलं की ती रडली तर बरं. ती रडली नाही. तेवढ्यात सुयावाल्या बाई स्टीलचा ट्रे घेऊन धावत आल्या आणि मला तिथेच भिंतीकडे तोंड करून उभं केलं. एकेक सुई काढून ट्रेमध्ये टाकली, कापूस दाबून धरायला लावला. अठरा झाल्या. एकोणीस लावल्या होत्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा अठरा. मग सगळं केंद्र कामाला लागलं. सोफ्याच्या गाद्या उलट्या झाल्या, फॉर्म देणारी मुलगी बॅटरी घेऊन माशांच्या टाकीखाली शिरली, दोन नंबरच्या गृहस्थांनी स्वतःच्या खुर्चीवरून उठायला साफ नकार दिला. मी छाननी अधिकारी होतो. माझ्यामुळे एक नग कमी पडला होता. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. सुई शेवटी बायकोलाच सापडली, माझ्या डाव्या पायाच्या पँटच्या दुमडीत. तिने ती दोन बोटांत धरून बाईंच्या ट्रेमध्ये ठेवली आणि मला सदरा दिला. दिला, घातला नाही.

घरी येईपर्यंत आणि आल्यावरही ती बोलली नाही. माझी पाठ तोवर ठिकठिकाणी जांभळी पडली होती. ती बघायला वरचे प्राध्यापक आले, समोरच्या वहिनी आल्या. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई! मामांना एवढं नव्हतं झालं." मी शिक्का शोधला, तर पिशवीत डबी होती पण शिक्का नव्हता. कुठे गेला हे विचारायची माझी छाती झाली नाही.

गुरुवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो, दोन फायली आणि एक जांभळी पाठ घेऊन. डॉक्टरांनी तिचं रक्त आणि लघवी तपासायला पाठवली. माझी पाठ पाहून ते हसले, आणि मग माझा चेहरा पाहून थांबले. "सुया वाईट नाहीत," म्हणाले. "मान दुखते त्यांना काही वेळा बरं वाटतं. पण गोळ्या सांगायच्या. आणि सुया टोचायच्यात म्हणून रक्ताची गोळी आपल्या मनाने बंदही करायची नाही, मला विचारायचं. राहिलं सलाईन. दोघं नीट जेवता, पाणी पिता, मग नसेतून कशाला? कमी असेल तर तपासणीत कळेल, तेव्हा मी देईन गोळी." बायकोने ते सगळं ऐकून घेतलं. बाहेर पडल्यावर ती पहिलं वाक्य बोलली.

"मला नव्हतंच जायचं."

"मग आलीस कशाला?"

"दोन महिने तुम्ही खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर बघत होता. त्या कूपनचं बोलायला लागल्यापासून जरा माणसात आला होता. म्हटलं, चला. एक सलाईन तर सलाईन."

मी रस्त्यातच थांबलो. तिला तिच्या किडनीचा विसर पडला नव्हता. मला पडला होता. तिने विचारलंही होतं आणि मी तिला फळं सांगितली होती. मी म्हणालो, "चुकलं माझं." चौतीस वर्षांत हे वाक्य मी दुसऱ्यांकडून असंख्य वेळा लिहून घेतलं आहे. म्हणायला किती जड असतं, ते त्या दिवशी कळलं.

तिचे रिपोर्ट चांगले आले. मेहुण्याचा फोन आला, "काय भाऊजी, आज किती चाललात?" पहिल्यांदाच मी त्याला खरं सांगितलं. सगळं. तो म्हणाला, "ताईला द्या." ती दोघं काय बोलली ते मी ऐकलं नाही. ऐकू येत होतं, पण ऐकलं नाही.

त्या आठवड्यात मी एक काम केलं. जाडसर कागद घेतला आणि त्याचं पर्समध्ये मावेल एवढं कार्ड कापलं. त्यावर हाताने रकाने आखले, हाताने भरले. नाव. रक्तगट. शस्त्रक्रिया: एक किडनी भावाला दान केली, एकच शिल्लक. विचारल्याशिवाय देऊ नये: दुखण्याची गोळी, सलाईन, इंजेक्शन. डॉक्टरांचा नंबर. प्रत्येक ओळ तीनदा वाचली, प्रत्येक वेळी बोट ठेवून. शेवटचा रकाना होता, "संकटाच्या वेळी कोणाला कळवावे?" तिथे पेन टेकवलं आणि लिहवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी एक रकाना रिकामा ठेवून कागद पुढे सरकवला.

तिने कार्ड हातात घेतलं, चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. शेवटच्या रकान्यापाशी थांबली. मग उठून आत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला आणि ती परत आली तेव्हा तिच्या हातात माझा शिक्का होता. शाईचं पॅडही. आता त्या रकान्यात "लागू नाही" उमटणार, असं मी धरून चाललो. तिला तो अधिकार होता.

तिने शिक्का टेबलावर ठेवला, त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पेन मागितलं. मी दिलं. कार्ड माझ्यापासून लपवून तिने रिकाम्या रकान्यात काहीतरी लिहिलं, फुंकर मारली आणि वाचायला माझ्यापुढे सरकवलं. अक्षर रकान्याबाहेर गेलं होतं, एक खाडाखोडही होती. तिथे माझं नाव होतं, आणि त्यापुढे कंसात: "यायच्या आधी अंगावरच्या सुया काढून घ्याव्यात."